राजाचा कप आणि राजगुरूंचं गाव



आजचा पाठ एका कपावर आहे. इंग्लंडात राजाचा राज्याभिषेक, राणीच्या कारकिर्दीचा महोत्सव किंवा राजपुत्राचं लग्न निघालं की त्या प्रसंगाची तारीख आणि चेहरे छापलेले चिनी मातीचे कप बाजारात येतात. लोक ते विकत घेतात, पण त्यातून चहा पीत नाहीत. काचेच्या कपाटात ठेवतात. जगभर असे कप जमवण्याचा छंद असलेली माणसं आहेत आणि दीडशे वर्षांचे जुने कपसुद्धा हातोहात फिरत असतात.

हे कप आता आपल्याकडेही पोचलेत. चाकणच्या कंपन्यांतून कामासाठी परदेशी जाऊन येणारे पालक आपल्याच वर्गातल्या मुलांचे असतात. येताना चॉकलेटं, फ्रिजला चिकटवायचं चुंबक, आणि त्यातच कधीतरी 6 मे 2023 ही तारीख छापलेला, तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाचा मग. असा मग वर्गात आला तेव्हा एका पालकांनी मला थेट विचारलं, "मॅडम, राजगुरूंच्या गावात इंग्रजांच्या राजाचा कप शाळेत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. "अहो, साधा कप तर आहे" असं म्हणून तो उडवून लावू नये. इतिहासाच्या पुस्तकात आपण मुलांना भौतिक, लिखित आणि मौखिक साधनं शिकवतो. हा कप वस्तू आहे म्हणून भौतिक साधन, आणि त्यावर मजकूर आहे म्हणून लिखितही. साधन हातात घेतलं की त्याला प्रश्न विचारायचे असतात. कोणी बनवलं? कोणासाठी? यावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर पुढे येतेच.

आधी माती

असे बहुतेक कप इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंट या भागातले. सतराव्या शतकात दुसऱ्या चार्ल्सच्या वेळीही राजाचं चित्र असलेली भांडी होती, पण ती हाताने रंगवलेली, थोड्यांनाच परवडणारी. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, ते शाई लावून पातळ कागदावर उतरवायचं आणि कागद भांड्यावर दाबायचा ही छपाईची युक्ती निघाली आणि एकच चित्र हजारो कपांवर जाऊ लागलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात रेल्वे होती, कारखाने होते, आठवड्याचा पगार घेणारा कामगार होता. राणीचा चेहरा त्याच्याही घरात गेला.

कप उलटा करायला मुलांना फार आवडतं, आणि खरी माहिती तिथेच असते. तळाला कारखान्याची खूण असते. इंग्रजी अक्षरांत 'इंग्लंड' लिहिलेलं असेल तर तो कप साधारणपणे 1891 नंतरचा, कारण अमेरिकेने तेव्हा आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. नक्षीचा नोंदणी क्रमांक असेल तर तो कप 1884 नंतरचा. कायदा अमेरिकेतला, कप इंग्लंडातला आणि त्यावरून तारीख काढणारी मुलं खेड तालुक्यातली.

आता एक नाजूक मुद्दा. 'बोन चायना' या नावातला 'बोन' म्हणजे खरोखरचं हाड. गुराढोरांची हाडं जाळून केलेली राख त्यात साधारण निम्मी असते, बाकी पांढरी चिनी माती आणि एक प्रकारचा दगड. आपल्याकडे माळकरी घरं भरपूर, आळंदी-देहू जवळ. जैन कुटुंबंही आहेत. काही घरांत असा कप चालत नाही. मुलांना कप आणायला सांगण्याआधी पालकांना हे सांगा, नंतर घोळ नको. सगळेच कप बोन चायनाचे नसतात. राणीच्या काळचे स्वस्त कप बहुतेक साध्या पांढऱ्या मातीचे आणि जाड असत. ओळखायचं कसं? कपाच्या आत मोबाईलची बॅटरी लावा आणि बाहेरून बोटं धरा. बोन चायनातून उजेड आरपार येतो, बोटांची सावली दिसते. जाड मातीतून काही दिसत नाही. विज्ञानाचा अर्धा तास इथेच निघतो.

आणखी एक, जुन्या कपातून कोणालाही चहा-पाणी पिऊ देऊ नका. त्या काळच्या चकाकीच्या लेपात शिसं वापरत.

कप चुकतो तेव्हा

हा भाग वर्गात सगळ्यात रंगतो. फळ्यावर दोन तारखा लिहा: 26 जून 1902 आणि 9 ऑगस्ट 1902. मग सांगा, की सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचे असंख्य कप पहिल्या तारखेचे आहेत, पण त्या दिवशी राज्याभिषेक झालाच नाही. दोन दिवस आधी राजाच्या पोटात अपेंडिक्सचं दुखणं विकोपाला गेलं आणि 24 जूनला शस्त्रक्रिया करावी लागली. समारंभ झाला 9 ऑगस्टला. कप मात्र आधीच भाजून, छापून, विकून झाले होते. आपल्याकडे 'बाजारात तुरी' म्हणतात, तसली गत.

मुलांना हे लगेच कळतं. 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी घरी छापलेल्या लग्नपत्रिका तशाच पडून राहिल्या. टोकियोचं ऑलिंपिक 2021 मध्ये झालं, पण नाव आणि वस्तूंवरचा आकडा 2020 च राहिला.

याहून मोठी गंमत आठव्या एडवर्डची. पाचवा जॉर्ज 20 जानेवारी 1936 ला वारला, मुलगा एडवर्ड राजा झाला, राज्याभिषेक ठरला 12 मे 1937 ला. कारखान्यांनी कप काढले. पण लग्नाच्या प्रश्नावरून एडवर्डने डिसेंबर 1936 मध्ये गादीच सोडली. त्याच ठरलेल्या दिवशी, 12 मे 1937 ला, राज्याभिषेक झाला तो त्याच्या धाकट्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा. न झालेल्या राज्याभिषेकाचे कप आजही बाजारात फिरतात. विकणारा 'फार दुर्मीळ' म्हणून किंमत सांगतो. ते मुळीच दुर्मीळ नाहीत, कारण गादी सोडण्याआधीच ढिगाने बनले होते. जुन्या बाजारात कोणी असा कप दाखवला तर एवढं लक्षात असू द्या.

मग वर्गात विचारा, "कपावर छापलंय, म्हणजे खरं आहे का?" पाचवीच्या मुलांच्या उत्तरांत जी जान असते ती मोठ्यांच्या चर्चेत क्वचित दिसते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कप खोटं बोलत नाही, तो घाईत बोलतो." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

22 जून 1897

आता तो शेवटचा प्रश्न. कपावर काय लिहिलेलं नाही?

व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून 22 जून 1897 ला लंडनमध्ये मोठी मिरवणूक निघाली. या हीरक महोत्सवाचे कप, ताटल्या, वाडगे इतके निघाले की आजही जमवणाऱ्यांची सुरुवात बहुतेक याच कपांपासून होते. कपावर तरुण राणी, म्हातारी राणी, झेंडे, मुकुट.

तोच दिवस आपल्याकडे कसा होता? पुण्यात त्या वर्षी प्लेगने थैमान घातलेलं. प्लेग आटोक्यात आणायला नेमलेला अधिकारी रँड. त्याचे सोल्जर घरात, देवघरात, माजघरात शिरत, सामान रस्त्यावर काढत, माणसांना तपासणीला ओढून नेत. लोक आधीच मरणाने खचलेले, त्यात ही मानहानी. आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर राणीच्या महोत्सवाचा सोहळा होता. तिथून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड 3 जुलैला. दामोदर हरी चापेकर यांना 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी, मे 1899 मध्ये, वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण.

चापेकर आपल्या चिंचवडचे. राजगुरुनगरहून पिंपरी-चिंचवडकडे जाताना मुलांनी चापेकर चौकातले पुतळे पाहिलेले असतात. गव्हर्नरचा तो बंगला म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. सहल नेलीत तर कपावरची तारीख मुलांना त्या रस्त्यावर उभं राहून वाचून दाखवता येते.

मी वर्गात फळ्याचे दोन भाग करते. डावीकडे कपाचं चित्र आणि तारीख. उजवीकडे तीच तारीख आणि 'पुणे'. उजवी बाजू रिकामी ठेवून मुलांना घरी विचारून यायला सांगते. आजोबा-आजी, शेजारचे काका, वाचनालयातलं पुस्तक, कुठूनही. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू डावीपेक्षा जास्त भरलेली असते.

घरातली राणी

"पण आमच्या घरात राजा-राणीचा कप नाही" असं बहुतेक मुलं म्हणतात. कप नसेल, पण राणी असते. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवतात तो चांदीचा राणीछाप रुपया बघायला सांगा. त्यावरचं इंग्रजी मोठ्या मुलांना वाचता येतं. 1876 पर्यंतच्या रुपयांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' असं असतं, 1877 पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. महोत्सवाच्या काही कपांवर 'व्ही. आर. आय.' ही तीन अक्षरं असतात, त्यातलं 'आय' हेच सांगतं. राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं 1 जानेवारी 1877 ला दिल्ली दरबारात जाहीर झालं. त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेल्या गिरणीला 'एम्प्रेस मिल' नाव दिलं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या नावातही तीच सम्राज्ञी आहे.

आणि त्याच वेळी दख्खनमध्ये 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ चालू होता. दिल्लीत झगमगाट, इकडे माणसं आणि गुरं मरत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या दरबाराला हातमागाच्या खादीच्या कपड्यांत गेले आणि हिंदी लोकांना इंग्रजांच्या बरोबरीचे राजकीय हक्क द्या असं निवेदन त्यांनी दिलं. रेशमी पोशाखांच्या गर्दीत जाडीभरडी खादी! मुलांना हे चित्र काढायला सांगा, फार सुंदर काढतात.

पाचवा जॉर्ज आणि आपलं गाव

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे. इथे कपावरचा राजा बदलतो.

पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक 22 जून 1911 ला झाला. तारीख पुन्हा तीच, बघा. त्याच वर्षी 2 डिसेंबरला तो राणी मेरीसह मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला आणि 12 डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. राजा उतरला त्या जागेची आठवण म्हणून बांधलेली कमान म्हणजे गेटवे ऑफ इंडिया, 1924 मध्ये खुली झाली. कप, मग, पदकं, टपाल तिकिटं, आणि एवढी मोठी दगडी कमान, सगळं एकाच जातीचं. आकार तेवढा वेगळा. त्याच गेटवेतून 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश फलटण बाहेर पडली, आणि आता लोकांना ती कमान आठवते ती बहुतेक याच कारणाने किंवा कबुतरांमुळे.

या राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली 6 मे 1935 ला. रौप्यमहोत्सवाचे कप त्या वर्षी पुन्हा ढिगाने निघाले. मुलांना एवढंच विचारायचं, "याच राजाच्या राज्यात आपल्या गावचं काय झालं?" राजगुरुनगरच्या मुलाला हात वर करायला वेळ लागत नाही. शिवराम हरी राजगुरू, जन्म 24 ऑगस्ट 1908, खेड. 23 मार्च 1931 ला लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह फाशी. रौप्यमहोत्सवाचा कप चार वर्षांनंतरचा.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मोठ्या मुलांना जरूर सांगा. खटला सरकारच्या नावाने होता आणि आरोपांत बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचाही आरोप होता. तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. तुमच्याच न्यायालयाने आम्ही राजाशी युद्ध केलं असं ठरवलंय, तर मग आम्ही युद्धकैदी, आम्हाला फाशी न देता गोळ्या घाला, अशी त्यांची मागणी होती. तो राजा म्हणजे हाच, कपावरचा, दाढीवाला, छातीवर पदकं लावलेला. त्या दाढीवाल्या चेहऱ्याच्या विरोधात उभा राहिलेला मुलगा आपल्या भीमेच्या काठच्या वाड्यातला, गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. वाडा शाळेतून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कप हातात घेऊन तिथे जाऊ नका, ते मलाही बरं वाटत नाही. कप वर्गात राहू द्या. वाड्यावरून परत आल्यावर मुलं त्याच्याकडे पुन्हा बघतील तेव्हा त्यांना त्यात आणखी काही दिसेल.

म्हणून त्या पालकांना मी सांगितलं, की कप कपाटात शोभेला ठेवणार असले तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. टेबलावर ठेवून प्रश्न विचारणार असले तर राजगुरूंच्या गावासारखी दुसरी जागा नाही. त्यांना ते पूर्ण पटलं का? थोडं पटलं, थोडं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर त्यांनी घरातला एक राणीछाप रुपया मात्र पाठवला, रुमालात बांधून.

आपल्याकडचे जमवणारे

छंद म्हटला की मुलांना टपाल तिकिटं आणि काड्यापेट्या आठवतात. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवा. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. साधारण 1920 पासून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, त्या वीस हजारांच्या वर गेल्या. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि 1975 मध्ये सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. त्या संग्रहालयाच्या नावातला राजा कोणत्याही गादीवर बसलेला नव्हता, हे मुलांना सांगितलं की ती क्षणभर गप्प होतात.

विलायती कपाला आपल्या भागाने दिलेलं उत्तरही जवळच आहे. स्वदेशीच्या चळवळीत लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगाव दाभाडे इथे 1908 मध्ये पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना, आणि टिळकांचा तिला पाठिंबा. आज त्याच पट्ट्यात गाड्यांचे कारखाने आहेत, आणि इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर 2008 पासून टाटांची आहे. हे मुलांना फार ताणून सांगायची गरज नाही, एकदा सांगितलं की पुरे.

घरी करायचा उपक्रम

विलायती कप मिळाला नाही तरी हा पाठ अडत नाही. आपल्या घरात असेच तारीख आणि नाव टाकलेले 'कप' आहेत, फक्त ते स्टीलचे आणि पितळेचे आहेत. मांडणीवरचे डबे, तांबे, ताटं, पातेली उलटीसुलटी करून बघा. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं: कोणाला, कोणाकडून, सप्रेम भेट, तारीख. लग्न, वास्तुशांत, बारसं, कधी कोणाच्या स्मरणार्थ. कंपनीने दिवाळीला दिलेला डबा आणि वीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेला मगही यात धरा.

मुलांनी वहीत चार रकाने आखायचे. भांडं कशाचं आहे, त्यावर काय लिहिलंय, तारीख कोणती, आणि त्यावर काय लिहिलेलं नाही ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून. चौथा रकाना मोठा ठेवा. माझ्या वर्गात एका मुलाने आजीच्या लग्नातल्या तांब्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "आजी, ही कोण?" ते आजीचंच माहेरचं नाव होतं, लग्नात बदललेलं. तो तांब्या त्या घरात रोज वापरात होता. दुसऱ्या एकीच्या घरच्या पातेल्यावर ज्या गावाचं नाव होतं ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय, आणि तिच्या आजोबांनी त्यावर तिला दीड पान सांगितलं, जे तिने चुकत-माकत लिहून आणलं.

वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या लाल रेघा या एका उपक्रमापुरत्या बाजूला ठेवा. आणि पालकहो, भांडी शाळेत पाठवू नका, फोटो पुरे. मागच्या वेळी एक भलंमोठं पिंप शाळेत आलं होतं.